पावणेसातची शकू

"तीन मिनिटं झाली, वहिनी. वाढवू का?"

मी माझ्या नणंदेच्या घरचा किस्सा सांगत असायची, ऐन रंगात आलेली असायची, आणि शकू मध्येच हे विचारायची. थट्टेनं नाही, अगदी सरळ चेहऱ्यानं. तरुणपणी तिनं दारव्ह्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे ट्रंक कॉल जोडले होते. तीन मिनिटं झाली की मधे तोंड घालायचं, वाढवून हवं का विचारायचं, आणि समोरचा अडखळला की तोडायचं. पुढे ट्रंक कॉल गेले, बटणाचे फोन आले, खिशातले फोन आले, एक्सचेंजमधली माणसं एकेक करून घरी बसली, पण ती तीन मिनिटं तिच्या जिभेवरून काही उतरली नाहीत. मी म्हणायची, "वाढव वं माय, वाढव." मग ती एक पाय उंबऱ्यात आणि एक पाय अंगणात ठेवून उरलेलं ऐकायची.

आमची भिंत एक. तिच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायची, आणि माझी कढी उतू गेलेली तिला आधी कळायची. मी तिच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून ती मला वहिनी म्हणायची आणि मी तिला शकू. बाकी सगळ्या तालुक्याची ती शकूताई.

शकू म्हणजे शकुंतला. आमच्याकडे हे नाव घेतलं की लोकांना आधी बंद पडलेली नॅरोगेज गाडी आठवते. कोणी तशी थट्टा केली की ही ताडकन म्हणायची, "त्या गाडीतून उतरून लोकं बोरं वेचत अन् मागच्या डब्यात पुन्हा चढत. माझ्यातून उतरून दाखव बरं!" खरंच, तिच्या बरोबरीनं चालणं म्हणजे शिक्षा होती. ठेंगणी बाई, खांद्याला कापडी पिशवी, डाव्या कानावरचे केस कायम मागे सारलेले, जणू हेडफोन अजून लावायचाच आहे. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती पाहत नसे. जमिनीकडे पाहत ऐके. मला आधी राग यायचा. मग कळलं की जिनं सगळ्या नोकरीत माणसं न पाहता ऐकली, तिला समोर तोंड आलं की ऐकू येत नाही.

टाळेबंदीच्या दिवसांत जीपा बंद, बाजार बंद, आणि अफवा तेवढ्या सुरू. शकूकडे तालुक्यातल्या कितीतरी घरांचे नंबर, काही वहीत, बरेचसे डोक्यात. एके सकाळी तिनं फोनमध्ये बोलून पाठवलं: अमुक दुकान उघडं आहे, तमुक बंद आहे, दवाखान्यात आज डॉक्टर येणार नाहीत, मी स्वतः विचारलं आहे. ते बोलणं या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी लोकच विचारू लागले, आजचं कुठं आहे? झालं. तेव्हापासून रोज सकाळी पावणेसातला दहा मिनिटं. नाव ठेवायला तिला सवड झाली नाही. लोकांनीच ठेवलं. "पावणेसात आली का?"

"सातची वेळ धर ना. ध्यानात राहाले सोपी," जीपा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी म्हटलं होतं.

"सातले पहिली जीप निघते, वहिनी. जीपेत बसल्यावर कळलं की बँक बंद आहे, तर त्या खबरेचं काय लोणचं घालायचं?"

तिची सगळी विद्या यातच होती. माणसाची फुकटची चक्कर वाचली पाहिजे. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, तहसीलीतले बाबू रजेवर, कोणत्या रस्त्यावर झाड पडलं, कोण वारलं आणि त्याची तेरवी कोणत्या गावी, कोणाची गाय हरवली आणि कोणाला सापडली. ती म्हणायची, "ज्याची एक चक्कर वाचली, तो उद्या पुन्हा ऐकते. त्याले या-या म्हणा लागत नाही."

तिची मुलगी अमरावतीला असते. तिनं सुट्टीत येऊन पावणेसातचं चॅनेल काढून दिलं. त्यात एक रेघ दिसायची. किती जण ऐकायला बसले आणि कोणत्या मिनिटाला उठून गेले, हे ती रेघ सांगायची. ती रेघ आली आणि दोन्ही घरांची शांतता गेली. कारण चौथ्या मिनिटाला रेघ धपकन खाली यायची. शकूनं ते चौथं मिनिट मला किती वेळा ऐकवलं असेल, विचारू नका.

"यात काय वाईट आहे, सांगा. मी खोकलली काय? कोणाचं नाव चुकलं काय?"

"मले तर काहीच वाईट दिसत नाही."

"तुम्हाले कसं दिसन, तुम्ही शेवटपर्यंत बसता. मले उठून गेलेले पाह्यजे."

बाजाराच्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली, मला ओढत. मिरचीवाली, दोरखंडवाला, बांगडीवाला, पालाखाली बसलेला कोणीही असो, ही सरळ समोर उभी. "पावणेसात ऐकता ना? मंग चौथ्या मिनिटाले कुठं जाता?" लोक ओशाळायचे, जणू शाळेतून पळताना सापडले. लसूण विकणारी एक म्हातारी म्हणाली, "ताई, मी तर ऐकतच नाही. सून ऐकते, अन् भाकरी थापता थापता मले सांगते." यावर शकू इतकी खूश झाली की गरज नसताना किलोभर लसूण घेतला. "पाहा वहिनी, रेघेत एक फोन दिसते अन् कान दोन आहेत!" शेवटी एका शेतकऱ्यानं उलगडा केला. "तुमच्यात काही दोष नाही, ताई. त्याच टायमाले आमच्याकडं विहिरीवरच्या मोटारीची लाइन येते. माणूस ओलिताचं पाणी द्याले पळन का तुमचं ऐकत बसन?"

दुसऱ्या दिवसापासून बाजारभाव पहिल्या तीन मिनिटांत आले. रेघ तशीच पडायची, पण आता पडली की शकूचा जीव भांड्यात. "गेले ओलिताले," म्हणायची.

मग यवतमाळला ऑनलाइन बातम्या चालवणाऱ्यांसाठी एक शिबिर झालं. मलाही नेलं, सोबत म्हणून. नागपूरकडचा एक हुशार तरुण शिकवत होता. बातमी सगळी सांगायची नाही, उत्सुकता ताणायची, असं म्हणाला. उदाहरण द्यायला म्हणून त्यानं फळ्यावर लिहिलं, 'दारव्ह्यात घडलं असं काही, की ऐकून थक्क व्हाल!' लोक थांबतात, थांबले की जाहिरात दिसते, जाहिरात दिसली की पैसा.

शकू उभी राहिली. "सर, असं म्हटलं तर बोरी अरबहून दोन जीपा भरून माणसं पाहाले येतीन. इथं आल्यावर त्याईले काय दाखवू? तुमचं तोंड?"

सगळे हसले. तो तरुणही हसला, आणि मग त्यानं शांतपणे विचारलं, "बरोबर आहे, मॅडम. मग तुमचं हे चालणार कशावर?"

शकू खाली बसली. परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकवून बसली. बोरी अरब आलं तेव्हा म्हणाली, "पोरगं हुशार होतं, वहिनी. त्याचा प्रश्न खोटा नव्हता." तिची पेन्शन, तिचा फोन, तिचे पाय, यावर पावणेसात चाललं होतं, आणि हे तिन्ही काही कायमचे नव्हते. त्या दिवसापासून तिला चैन नाही.

पहिल्यांदा तिनं वर्गणी मागून पाहिली. गावात सप्ताह बसला की घरटी वर्गणी देतात, तसं पावणेसातला द्या, असं. लोकांना आवाजाचे पैसे द्यायचं काही केल्या पटेना. पण शकूताईनं मागितलं आणि नाही कसं म्हणायचं? म्हणून वांगी आली. तुरीची डाळ आली, हरभरा आला, आणि एका घरून कोंबडा आला. तो कोंबडा पावणेसात रेकॉर्ड होताना नेमका एकदा भावाच्या वेळी आणि एकदा अगदी शेवटी आरवायचा. पाच-सहा दिवसांत लोक बाजारात विचारू लागले, "कोंबडा काय म्हणते, ताई?" एका दिवशी तो आरवला नाही, तर फोनवर फोन. चौथ्या मिनिटानंतरही रेघ वर राहू लागली. मी म्हटलं, "पाह्य, कोंबड्यानं तुले तारलं."

"कायचं तारलं? लोकं कोंबड्यासाठी ऐकून राह्यले, भाव कोणाच्या ध्यानात राहून नाही राह्यला." तिनं तो कोंबडा ज्याच्या त्याला परत दिला. पावणेसातवर तसं सांगितलंही, की कोंबडा सुखरूप घरी पोचला, आता सोयाबीनकडे लक्ष द्या.

शेवटी जाहिराती घ्याव्या लागल्या. चष्म्यांचं शिबिर, पिठाची चक्की, साड्यांचं दुकान. शकू ज्या आवाजात खबर सांगायची त्याच आवाजात जाहिरात वाचायची. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हताच. दुकानदारांना नेमकं तेच हवं होतं. साडीवाले म्हणायचे, "पोस्टर लावलं तर लोकं पाहते, ताई. तुम्ही बोलल्या तर लोकं येते." यात काही धोका आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही आलं, खोटं कशाला बोलू.

मग बाहेरगावचे एक गृहस्थ आले. सफारी, कपाळाला गंध, बोलणं मऊ. त्यांना दारव्ह्यात शेतकरी मुलांसाठी वधू-वर परिचय मेळावा भरवायचा होता. आमच्या भागात हे दुखणं किती खोल आहे ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरची शेती आहे, घर पक्कं आहे, मुलगा सुपारीसुद्धा खात नाही, आणि मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात की नोकरी आहे का? तिशी ओलांडलेली पोरं गावोगाव बसून आहेत. शकूनं आठ दिवस ती जाहिरात वाचली. 'मुलींची भरपूर नोंदणी झालेली आहे,' असं कागदावर होतं, तसंच वाचलं.

मेळाव्याला ती खबर घ्यायला गेली, आणि मी गंमत पाहायला. मंगल कार्यालयात मधून वाट सोडलेली. उजवीकडे पाटी 'वर', डावीकडे पाटी 'वधू'. उजवीकडे पाय ठेवायला जागा नाही. नवे शर्ट, पॉलिश केलेले बूट, प्लास्टिकच्या फाइलमध्ये बायोडाटा, प्रत्येकाच्या शेजारी आई. डावीकडे खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा, आणि माणूस एक नाही. पंखे मात्र दोन्हीकडे फिरत होते. माईकवरून सांगितलं गेलं की मुलींच्या गाड्या रस्त्यात आहेत. दुपार झाली. काही आया उठून डावीकडे जाऊन बसल्या, ती बाजू अगदीच मोकळी दिसू नये म्हणून. ते पाहिलं आणि माझी गंमत तिथंच संपली. मग सफारीवाले चहाचं पाहतो म्हणून बाहेर गेले, ते गेलेच. फोन बंद. नोंदणीची फी घेऊन पसार.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. कोणी ओरडलं नाही. सगळ्यांनी वळून दाराकडे पाहिलं. दारात शकू उभी होती.

बोरी अरबची एक बाई उठून आली. मागे तिचा मुलगा, फाइल छातीशी धरलेला, मान खाली.

"पावणेसातवाल्या तुम्हीच काय?"

"हो, बाई."

"त्या माणसाले मी काही म्हणत नाही. तो कोण, कुठचा. त्याच्या सांगण्यावरून आम्ही आलोच नाही. तुम्ही सांगतलं म्हणून आलो."

शकूनं हात जोडले. मुलगाच हळू म्हणाला, "चाल ना, माय. जीप जाईन." आणि ती दोघं गेली.

घरी येऊन शकू अंगणात फेऱ्या घालत राहिली. तुळशीपासून नळापर्यंत, नळापासून तुळशीपर्यंत. मी झुणका-भाकर नेऊन दिली ती तिनं चालता चालता अर्धी खाल्ली आणि अर्धी कठड्यावर विसरली.

"म्या कागद पाह्यला, वहिनी. पोरी नाही पाह्यल्या. त्याले एवढंच म्हणाचं होतं, एका पोरीच्या बापाशी मले बोलू दे. तठीच उघडा पडला असता. एका प्रश्नाचं काम होतं, अन् मी आठ दिवस वाचत बसली."

"तुले काय सपन पडलं होतं? मोठमोठे फसतात."

"मोठ्याईचं मले नका सांगू. त्याईच्या आवाजावर कोणी नवा शर्ट घेत नाही."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला भावाच्याही आधी तिनं सांगितलं. मेळावा खोटा होता. मी न पाहता वाचलं. चूक माझी. पुढच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशीही. रेघ रोज थोडी बुटकी होत गेली.

"किती दिवस हे दळण दळशीन?" मी शेवटी म्हटलं. "लोकं कटाळले."

"जितके दिवस जाहिरात वाचली तितके दिवस."

आठ दिवस तिनं माफी मागितली, आणि त्याच दिवसांत ती जीपेनं गावोगाव जाऊन आली, मेळाव्याला आलेली जी जी घरं आठवली तिथं. काही घरांनी चहा दिला. काहींनी दार उघडलं नाही. बोरी अरबच्या त्या बाईकडे ती तीनदा गेली. तिसऱ्यांदा काय बोलणं झालं ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पाणी देल्लं बाईनं."

नवव्या दिवशी ती माझ्या दारात. "वहिनी, आजपासून जाहिराती तुम्ही वाचा."

"मी? माझा आवाज फुटक्या मडक्यासारखा!"

"तसाच पाह्यजे. भाव करणाऱ्या बाईसारखा आहे तुमचा आवाज. ऐकणारा लगेच सावध होते."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग वाचायला लागले. माझं वाचून झालं की शकू स्वतःच्या आवाजात दोनपैकी एक वाक्य म्हणायची. 'मी पाहून आली,' नाहीतर 'मी पाह्यलं नाही.' बाकी एक अक्षर नाही. चक्कीची जाहिरात आली की ही घरचे गहू घेऊन दळून आणायची. साडीचा काठ तांब्यात बुचकळून रंग जातो का बघायची. चष्म्याच्या शिबिरातल्या डॉक्टरांना तिनं विचारलं, शिकले कुठं, कागद दाखवा. त्यांनी दाखवला, बिचारे चांगले होते.

साडीवाले भडकले. "पैसे आम्ही द्यायचे, अन् 'पाह्यलं नाही' ऐकून घ्यायचं?"

"मंग बोलवा ना पाहाले. मी काय नाही म्हणते?"

निम्मे जाहिरातवाले गेले. पण जे राहिले ते टिकून राहिले, आणि बाजारात बायका दुकानदाराला विचारू लागल्या, "शकूताई पाहून गेली काय?" मेळाव्यानंतर गेलेली माणसं हळूहळू परत आली. सगळी नाही. शकू रोज सकाळी ती रेघ पाहायची आणि म्हणायची, "अजून काही घरं बाकी आहेत."

गेल्या हिवाळ्यात तिचा घसा बसला तो बसलाच. सकाळी आवाज निघायला पाव तास लागायचा, शेजारी गरम पाण्याचा थर्मास. यवतमाळच्या डॉक्टरांनी बोलणं कमी करा म्हटलं, तर का, किती, कसं, हे विचारायला ती त्यांच्याशीच अर्धा तास बोलली. आम्हाला दोघींनाही दिसत होतं की हा आवाज काही फार दिवस पुरणार नाही. आणि आवाज गेला की पावणेसात गेलं.

त्याच सुमाराला नागपूरच्या एका कंपनीतून एक मुलगी आली. गोड, हुशार, आल्या आल्या माझ्याही पाया पडली. म्हणाली, "मॅम, तुमचे ऐकणारे इतके पक्के आहेत की आमच्या मोठ्या पोर्टलनाही अशी एंगेजमेंट मिळत नाही, तिथं लोक इतका वेळ थांबतच नाहीत. लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे." कंपनी शकूच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून मशीनला तिचा आवाज शिकवणार. मग प्रत्येक तालुक्याचं वेगळं पावणेसात. मजकूर नागपुरात लिहिला जाईल, बोलेल मशीन, शकूला दरमहा पैसे. घशाला आराम. मला तर देवानंच धाडल्यासारखं वाटलं.

मुलीनं नमुना वाजवून दाखवला. "नमस्कार, मुकुटबनकरांनो. मी तुमची शकूताई. बसस्टँडजवळच्या फर्निचरच्या दुकानात नवीन कपाटं आली आहेत. मी पाहून आली."

हुबेहूब. मध्ये श्वास घेते तेवढासुद्धा तिचाच.  शकू म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा ऐकलं.

"मी कधी गेलती मुकुटबनले?"

मुलगी हसली. "मॅम, हे फक्त सॅम्पल आहे."

"सॅम्पल असू दे. बोलली तर मीच ना?"

विचार करा, म्हणून मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी पावणेसात आटोपून शकू पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. "घराकडं ध्यान ठेवा. मुकुटबनले जाऊन येते."

"कायले?"

"कपाटं पाहाले."

मुकुटबन म्हणजे आमच्या जिल्ह्याचं दुसरं टोक. यवतमाळ, वणी, मग तिथून पुढं, गाड्या बदलत बदलत. मी डोक्याला हात लावला. वणीला एक्सचेंजमधली जुनी मैत्रीण होती, तिच्याकडे मुक्काम करून ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. पावणेसात सुरू झाल्यापासून त्या एका सकाळी ते झालं नाही. घसा पार गेलेला, आणि चेहरा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका मोकळा.

"दुकान आहे, वहिनी," ती कुजबुजली. "बसस्टँडजवळ नाही, शाळेकडं आहे. कपाटं चांगली आहेत, दारं जराशी कुरकुरतात. मालकाले म्हटलं, मी तुमच्या कपाटाची तारीफ केली म्हणते. तो म्हणे, तुम्ही कोण? पण च्या पाजला."

"मंग? काय ठरवलं?"

"ठरवाचं काय. मुकुटबनले मी रोज कशी जाऊ? अन् असे सोळा तालुके आहेत."

"अवं, तुले जायाचं कुठं आहे? मशीन बोलन ना!"

"मशीन म्हणन की पाहून आली. मंग कोणाले तरी पाहून यावं लागन का नाही?"

मी तिला वेडी म्हटलं. दोनदा म्हटलं. तिनं माझ्यासमोरच त्या मुलीला फोन लावला आणि नाही सांगितलं. मुलगी काकुळतीला आली. "मॅम, पण तुमचा आवाजच गेला तर?"

"गेला तर गेला, बाई. आवाज म्हणजे काय खबर आहे?"

तिनं फोन ठेवला. पावणेसात आता बंद पडणार हे तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोरी अरबच्या जीपेत बसून गेली आणि रेखाला घेऊन आली. रेखा तिथली अंगणवाडी सेविका, घरोघर जाणं तिचं रोजचं काम. आवाज बारीक, घाबरलेला, शब्द गिळायची. शकूनं तिला एकच विचारलं, "जे वाचशीन ते पाहून येशीन काय?" रेखा म्हणाली, "तसं तर मी येतेच फिरून." पहिल्या दिवशी रेघ अर्ध्यावर आली. मी रागानं शकूकडे पाहिलं. ती गरम पाणी पीत होती.

मग इलाजासाठी तिची लेक तिला अमरावतीला घेऊन गेली, आणि ती तिथून परत आली नाही. तिच्या तेरवीची खबर रेखानं पावणेसातवर दिली. बाजारभावानंतर, जशी सगळ्यांची देतात तशी, एका वाक्यात. मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत. पावणेसात चालू आहे, पडत-झडत. जाहिराती अजून मीच वाचते.

पण माझ्या डोळ्यांसमोर शकू येते ती अमरावतीला जायच्या आठवडाभर आधीची. रेखा बोरी अरबला तिची वाट पाहत होती, तिच्याबरोबर कुठलंसं दुकान पाहायला शकू निघाली होती, आणि थर्मास घरीच विसरली. मी तो घेऊन जीपस्टँडवर धावले. सातची जीप भरत आली होती. शकू खिडकीशी, शेजारी एक अनोळखी बाई, बाईच्या मांडीवर फोन, आणि फोनवर तिनं उशिरा लावलेल्या पावणेसातमध्ये रेखा बोलत होती. बाई त्या आवाजाच्या वरताण मोठ्यानं शकूलाच सांगत होती, "पहिली बाई होती ना, तिचा आवाज काय होता वो! ऐकतच राहावं. हे पोट्टी कशी मिणमिण बोलते. कुठी गेली कोण जाणे ते बाई."

मी खिडकीतून थर्मास दिला आणि तोंड उघडणार होते की अवं, ती तुझ्या बाजूले बसली आहे. शकूनं डोळे वटारून मला गप्प केलं. तिचा आवाज तर गेलाच होता. ती बाईकडे वळली, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि मग तेच बोट फोनकडे दाखवलं.

बाई जराशी फणकारली. पण गप्प झाली आणि तिनं आवाज वाढवला. मागच्या सीटवरचे दोघं-तिघं बोलायचे थांबले. जीप निघाली. रेखा सांगत होती की बोरी अरबच्या दवाखान्यात आज डॉक्टर यायचे नाहीत, उद्या येतील, मी विचारून आली. जीप वळेपर्यंत तिचा तो बारीक आवाज मला रस्त्यावर ऐकू येत होता.